फिशटँकची नळी : टर्बो पेट्रोल गाडीतल्या ओव्हरबूस्टचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी चार वर्षांची हॅचबॅक. तीन सिलिंडरचं लहान टर्बो पेट्रोल इंजिन, मॅन्युअल गिअर, चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास चाललेली. मालकीणबाई मुलुंडला राहतात, बँकेत अधिकारी आहेत. आई पुण्यात, त्यामुळे महिन्यातून दोन-तीन शनिवार ऐरोली पूल, ठाणे-बेलापूर रोड, कळंबोली आणि एक्स्प्रेसवे अशी फेरी ठरलेली. माझं गॅरेज भांडुपला. त्या मला दादा म्हणतात, मी त्यांना ताई. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. इंजिनाचे मात्र नाहीत.

पुढचं समजायला एवढं माहीत हवं. टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एक पंखा सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुरावर फिरतो आणि दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. या दाबालाच बूस्ट म्हणतात. धूर वाढला की पंखा जोरात फिरतो, हवा जास्त भरते, पेट्रोल जास्त जळतं आणि धूर आणखी वाढतो. कुणी आवरलं नाही तर हे चक्र आपण होऊन थांबत नाही. आवरायला वेस्टगेट असतं. त्याला मी धरणाचा सांडवा म्हणतो. दाब ठरलेल्या पातळीवर चढला की वेस्टगेटची झडप उघडते आणि जादा धूर पंख्याला वळसा घालून निघून जातो.

ही झडप उघडतो अ‍ॅक्च्युएटर. एक डबी, तिच्यात रबरी पडदा आणि स्प्रिंग, बाहेर एक दांडी. दाबलेल्या हवेतलाच थोडा दाब एका बारीक नळीतून, मधल्या सोलेनॉइड वॉल्व्हमार्गे (विजेवर उघडझाप करणारी झडप), या डबीत येतो आणि दांडी ढकलतो. ही सगळी रचना त्या वीतभर नळीच्या भरवशावर चालते. नळी फुटली तर दाब चढल्याचा निरोप डबीपर्यंत पोचत नाही, सांडवा बंदच राहतो आणि पाणी चढत जातं. त्यालाच ओव्हरबूस्ट म्हणतात. सोलेनॉइड पूर्ण उघडून ईसीयूनं, म्हणजे इंजिनाच्या संगणकानं, कितीही आटापिटा केला तरी हवा डबीच्या अलीकडेच निसटत असेल तर तो हतबल असतो. त्याच्या हातात एकच उरतं, ते म्हणजे इंजिनाची ताकद कापणं. तोच कट.

अडचण

नवरात्रात ताईंचा फोन आला. खोपोलीच्या पुढे घाट चढताना तिसऱ्या गिअरला मानेला हिसका बसावा तशी गाडी अडखळली, इंजिन लाइट लागला, पिकअप गेला. कडेला घेऊन चावी बंद-चालू केली तर पुन्हा ठणठणीत. पुण्याला गेल्या, परत आल्या, काही नाही. पुढच्या खेपेला त्याच घाटात तेच.

गाडी माझ्याकडे आली. स्कॅनरवर जुना कोड होता, पी ०२३४, म्हणजे ओव्हरबूस्ट. मी थंड इंजिनावर दिसतील तेवढ्या नळ्या पाहिल्या, एअर फिल्टर पाहिला, कोड पुसला आणि ऐरोली पुलापर्यंत चक्कर मारून आलो. एलबीएस रोडवर संध्याकाळी सहा वाजता तुम्ही टर्बो गाडीची चाचणी घेऊ शकत नाही, हे मला वीस वर्षांत कळायला हवं होतं. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीत बूस्ट चढतच नाही. गाडीनं काही कुरकुर केली नाही, मी ‘नजर ठेवा’ म्हणून ती परत दिली.

या प्रकरणातला पहिला चुकलेला निर्णय माझा आहे. कोड पुसला आणि दोष जागेवर ठेवला.

दुसरी चूकही त्याच दिवशी झाली. मी विचारलंच नाही की गेल्या दोन महिन्यांत गाडीला कुणी हात लावला होता का. विचारलं असतं तर कळलं असतं, की गणपतीत ताई कोकण रेल्वेनं कुडाळला गेल्या होत्या आणि गाडी अकरा दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी होती. पावसाळ्यात मुंबईत उभ्या गाडीत उंदीर बिऱ्हाड करतात. परत आल्यावर वॉशरची नळी आणि एक वायर कुरतडलेली दिसली. सोसायटीच्या वॉचमननं ओळखीचा मेकॅनिक बोलावला, त्यानं दीड तासात सगळं ‘जोडून’ दिलं. ताईंच्या लेखी विषय तिथेच मिटला होता.

मधला उपाय

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात हिसका तिसऱ्यांदा बसला. सहकाऱ्याच्या सांगण्यावरून ताई गाड्यांचं ट्यूनिंग करणाऱ्या एका दुकानात गेल्या. तिथे निदान झालं, की ‘कंपनीनं कट फार खाली ठेवलाय, मॅप बदलला की हिसका जाईल आणि पिकअप वाढेल.’ मॅप म्हणजे दाब किती, पेट्रोल किती, हे ठरवणारे ईसीयूतले आकडे. त्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, ‘दादा, करू का?’

गॅरेजात दिवाळीची गर्दी होती. मी उत्तर दिलं, ‘वॉरंटी जाईल.’ तेवढंच. पैशांची भीती घातली, इंजिनाची घातली नाही. ताईंनी हिशेब केला: वाढीव वॉरंटीचे जेमतेम पाच महिने उरलेत आणि हिसका तर दर महिन्याला बसतोय. त्यांनी करून घेतलं. माझ्या उत्तरावरून पाहिलं तर त्यांचा निर्णय तर्काला धरूनच होता.

नव्या मॅपनं दोन गोष्टी केल्या. बूस्टचं लक्ष्य वाढवलं, आणि ओव्हरबूस्टची मर्यादा इतकी वर नेली की कट लागणारच नाही, कोडही नोंदला जाणार नाही. हिसका गेला. गाडी, ताईंच्या शब्दांत, ‘विमानासारखी’ पळू लागली.

रीमॅप म्हणजे पापच, असं मी म्हणणार नाही. निरोगी इंजिनावर, मोजमाप करून, मर्यादेत केलेलं ट्यूनिंग वेगळं. इथे आजारी गाडीचा थर्मामीटर फोडला होता.

घाटात

नोव्हेंबरचा शनिवार. गाडीत ताई, नवरा, दोन मुलं, डिकीत सामान, एसी चालू. टाकीत साधं ९१ ऑक्टेनचं पेट्रोल. आडोशी बोगद्याच्या पुढच्या चढावर इंजिनातून पत्र्यावर खडे पडावेत तसा आवाज आला. थोड्या वेळानं गाडी थरथरायला लागली आणि इंजिन लाइट लुकलुकू लागला. ताई पायावरचा जोर कमी करून लोणावळ्याच्या फाट्यापर्यंत गेल्या आणि तिथून फोन केला.

घाटात मधेच थांबायला नीट जागा नसते, मागून ट्रक येत असतात, त्यामुळे हळू जाऊन सुरक्षित जागी थांबणं बरोबरच होतं. पण स्थिर पिवळा लाइट आणि लुकलुकणारा लाइट यांत फरक असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. स्थिर लाइट म्हणतो, दाखवून घ्या. लुकलुकणारा म्हणतो, या क्षणी एखादा सिलिंडर नीट पेटत नाहीये, जोर काढा, थांबा. न जळलेलं पेट्रोल पुढे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्यालाही भाजून काढतं.

‘उतारच आहे आता, हळूहळू घेऊन येऊ का?’ त्यांनी विचारलं. या वेळी मी गडबड केली नाही. इंजिन बंद, गाडी फ्लॅटबेडवर. ते भाडं त्यांना टोचलं. पण तुटका तुकडा आत फिरत असेल तर पुढच्या शंभर किलोमीटरमध्ये बोअर (सिलिंडरची आतली भिंत) खरवडून निघतो.

तपास

सिलिंडर हवा किती दाबून धरतो ते मोजणाऱ्या कॉम्प्रेशन टेस्टमध्ये एक आणि तीन नंबर सिलिंडर १२ बारच्या आसपास, दोन नंबर ७. स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला तर दोन नंबरच्या पिस्टनच्या कडेला नॉकिंगची, म्हणजे आत मिश्रण अवेळी भडकल्याची, खास खूण होती, वाळूनं घासल्यासारखा खडबडीत पट्टा.

ट्यूनिंगवाल्यांनी ताईंना एक ब्लूटूथ डोंगल दिला होता आणि मोबाइलमधल्या अ‍ॅपनं घाटातल्या दाबाची नोंद ठेवली होती. मूळ मॅपवर या इंजिनाचा पूर्ण जोराचा दाब १९० किलोपास्कलच्या आसपास असतो. नोंदीत रेघ चढत चढत २५० ला गेली होती आणि तिथे सपाट झाली होती. ही सपाट रेघ पाहून माझ्या पोटात खड्डा पडला. दाब २५० वर थांबलेला नव्हता. सेन्सरचं माप तिथे संपत होतं. त्याच्यावर किती गेला ते कुणालाच कळणार नाही.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिच्यावरून माणसं हमखास गोंधळतात. स्कॅनरवरचा हा आकडा वातावरणाच्या दाबासकट असतो. मुंबईत चावी चालू, इंजिन बंद असताना तो १०० किंवा १०१ दिसायला हवा, आणि नाही दिसला तर आधी सेन्सरवर संशय घ्यायचा. १९० म्हणजे वातावरणापेक्षा सुमारे ९० जास्त. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, तिथे हवेचाच दाब ९४ च्या आसपास असतो. म्हणजे तेच १९० गाठायला घाटमाथ्यावर टर्बोला मुंबईपेक्षा जास्त फिरावं लागतं. चढ, भरलेली गाडी, एसी आणि विरळ हवा, सगळं एकाच ठिकाणी जमून येतं. मुंबईत गुपचूप बसलेला दोष घाटातच डोकं का वर काढतो, त्याचं हे उत्तर.

दाब वाढला की हवा तापते. ठरावीक मर्यादेपुढे ती थंड करणारा इंटरकूलर पुरा पडत नाही. मग ठिणगीनं पेटलेली ज्योत पसरायच्या आत कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं, तेच नॉकिंग. नॉक सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू ठिणगी थोडी उशिरा पाडतो, पण त्यालाही सीमा आहे. फटका बसतो तो पिस्टनच्या वरच्या दोन रिंगांमधल्या बारीक कडेला.

आता नळी. टर्बोच्या मागे, हीट शील्डखाली, सोलेनॉइडपासून अ‍ॅक्च्युएटरपर्यंत मूळ काळ्या रबरी नळीच्या जागी पारदर्शक नळी होती. फिशटँकमध्ये हवेचे बुडबुडे सोडायला असते ती, दोन्ही टोकांना झिपटाय. उंदरानं कुरतडलेल्या नळीच्या जागी हाताला लागली ती बसवली होती. थंड असताना मी पंपानं दाब दिला तर नळी घट्ट! हीट गननं गरम केली आणि पुन्हा दाब दिला, तशी ती फुग्यासारखी फुगली आणि निपलवरून फुसकन हवा सुटली. थंड झाल्यावर पुन्हा आक्रसून जागेवर. पहिल्या भेटीत ती मला दिसली असती तरी थंड इंजिनावर मी तिला कदाचित पास केलं असतं. निदान रंगावरून तरी शंका यायला हवी होती, पण त्यासाठी शील्ड काढावी लागली असती आणि ती मी काढली नव्हती.

पर्याय

पहिला पर्याय: नळी बदलायची, मूळ मॅप टाकायचा आणि आहे तशी चालवायची. खर्च हजार-दोन हजार. ७ बारचा सिलिंडर ऑइल पीत राहणार आणि कडेचा तुकडा सुटला तर बोअर आणि टर्बो दोन्ही जाणार. ताईंना मी स्पष्ट सांगितलं, विकायची असेल तरच हा मार्ग, आणि विकताना घेणाऱ्याला सांगणार असाल तरच.

दुसरा: कुर्ल्याच्या बाजारातून वापरलेलं इंजिन. स्वस्त पडलं असतं आणि चार दिवसांत काम झालं असतं. पण ते कोणत्या गाडीतून आलं, किती तापलं, कुणाला ठाऊक. शिवाय आरसीवर इंजिन नंबर असतो, तो आरटीओत बदलून घ्यावा लागतो. ताईंच्या यजमानांचा कल इकडे होता.

तिसरा: हेड (सिलिंडरवरचं झाकण) आणि सम्प (खालचं ऑइलचं भांडं) उतरवून खराब पिस्टन, सगळ्या रिंगा, बेअरिंगं, हेड गॅसकेट बदलायचं. सुमारे ८५ हजार आणि तीन आठवडे.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाही विचारून झालं. मॅप बदललेला आहे हे त्यांच्या मशीनला दिसतं, वॉरंटीचा अर्ज तिथेच संपला. नेहमीच्या विम्यातही अपघाताशिवाय झालेली अशी यांत्रिक मोडतोड बसत नाही.

निर्णय तिसऱ्याचा झाला, पण एका अटीवर. आधी सम्प उतरवून खालून पाहायचं आणि बोअरला खोल ओरखडे असतील तर दुसऱ्या पर्यायाकडे वळायचं. ही अट यजमानांनी घातली आणि ती शहाणपणाची होती. नाहीतर अशा कामात एकदा पैसे अडकले की माणूस खर्च करतच जातो.

काम

पिस्टनची कड रिंगांच्या मधे तुटली होती, पण तुकडा सुदैवानं तिथेच अडकून राहिला होता. बोअरवर नखाला न लागणारे ओरखडे, होनिंगनं, म्हणजे बारीक दगडानं घासून, गेले. हेडची सपाटी ठीक. टर्बोच्या पंख्यांची पाती कॅमेऱ्याखाली एकेक करून पाहिली, कुठे टवका नाही. दांड्याला कंपनीनं सांगितलेल्या मापाबाहेर खेळ नाही. मर्यादेपलीकडे फिरलेला टर्बो ठेवायचा की नाही यावर मी दोन दिवस घोळ घातला. शेवटी ठेवला. हा निर्णय बरोबर होता असं छातीठोकपणे मी आजही सांगणार नाही.

अ‍ॅक्च्युएटर हातपंपानं तपासला: दांडी कोणत्या दाबाला हलायला लागते, पूर्ण कधी उघडते आणि दाब दिल्यावर काटा स्थिर राहतो का. हे काम थेट कंप्रेसरच्या हवेनं करायचं नाही, सहा-आठ बारच्या झटक्यानं आतला पडदाच फाटतो. दांडीची लांबीही उगाच फिरवायची नाही. ती थोडी आखडली की स्प्रिंगचा ताण वाढतो आणि झडप उशिरा उघडते, म्हणजे आपल्याच हातानं ओव्हरबूस्ट. टर्बोच्या भागातल्या तिन्ही बारीक नळ्या कंपनीच्या घातल्या, क्लिपांसकट. तिन्ही मिळून हजार रुपयेही झाले नाहीत. मॅप मूळचा टाकला.

मजुरीतली निम्मी रक्कम मी घेतली नाही. ताई नको म्हणत होत्या. पण पहिल्या भेटीत मी शील्ड काढली असती तर हे बिलच झालं नसतं.

परिणाम

पहिले हजार किलोमीटर जपून चालवल्यावर ऑइल बदललं आणि मग मी व ताई स्कॅनर लावून घाटात गेलो. त्या चालवत होत्या, मी आकडे पाहत होतो. इंजिन पूर्ण तापलेलं, तिसरा गिअर, दोन हजार आरपीएमपासून पूर्ण पाय. मागितलेला दाब आणि प्रत्यक्षातला दाब या दोन रेघा एकमेकींना चिकटून चालल्या. क्षणभर १९६ ला उसळी आणि लगेच खाली. एवढी उसळी चालते. वर जाऊन तिथेच राहणारी रेघ चालत नाही.

त्याच फेरीत आणखी एक गोष्ट दिसली. ताईंना चढावर पाचव्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमला पाय दाबायची सवय आहे, पेट्रोल वाचतं म्हणून. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या लहान टर्बो इंजिनांना हा घाव वेगळाच बसतो. कमी फेऱ्यांत जास्त भार पडला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटू शकतं आणि पिस्टनची तीच कड तुटते. एपीआय या अमेरिकन संस्थेचा एसएन प्लस आणि नंतर २०२० चा एसपी हा ऑइलचा दर्जा आला, त्याचं एक कारण हा त्रास. त्यांना एक गिअर खाली घ्यायला सांगितलं. गाडी आता दीड वर्ष चालते आहे, ऑइल पीत नाही.

आज हेच प्रकरण आलं तर

ओव्हरबूस्टचा कोड असलेली गाडी तापल्याशिवाय आणि भाराखाली आकडे नोंदल्याशिवाय मी परत देत नाही. घाटात जायला वेळ नसेल तर तसं जॉब कार्डवर लिहितो, ‘तपासणी अपूर्ण’. गिऱ्हाईक नाराज होतं, होऊ दे. कोड पुसायच्या आधी त्याच्यासोबत साठवलेले आकडे, आरपीएम, भार, तापमान, यांचा फोटो काढतो. त्या दिवशी ते आकडे मी न बघता पुसले होते, आणि दोष गरम इंजिनावर भाराखालीच येतो हे त्यांच्यात लिहिलेलं असणार.

प्रत्येक गाडीत नळीच असेल असं नाही. नव्या बऱ्याच गाड्यांत वेस्टगेटला विजेची मोटर असते, तिथे दांडीचा जाम आणि झडप बंद असतानाची ईसीयूला शिकवलेली जागा पाहावी लागते. डिझेलमध्ये बहुतेकदा हलत्या पात्यांचा टर्बो असतो आणि तिथे काजळी पाती अडकवते. मुलांना शाळेत सोडण्यापुरती निघणारी डिझेल गाडी महिन्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर नीट पळवा, हे मी त्यासाठीच सांगतो.

त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रश्नाला आज मी फोन करून उत्तर दिलं असतं. ‘कट का लागतोय ते सापडेपर्यंत कट काढू नका, आणि तोवर घाट चढताना पाय अर्धाच ठेवा.’ दोन वाक्यं पुरली असती.

ताईंनी केलेला बदल असा, की गाडीला कुणीही हात लावला की बदललेल्या जागेचा फोटो काढून ठेवतात. पुढच्या गणपतीच्या आधी त्यांचा फोन आला. ‘दादा, कुडाळला चाललोय, अकरा दिवस गाडी तुमच्याकडेच लावू का?’

म्हटलं, लावा. पण उंदीर इथेही आहेत.